एपिड्यूरल चालू असताना : प्रसूतिकक्षातल्या परिचारिकांचे प्रश्न

कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून पाठीत, मज्जारज्जूच्या पडद्याबाहेरच्या जागेत, बधिर करणारं औषध सोडण्यासाठी एपिड्यूरलची नळी बसवून भूलतज्ज्ञ पुढच्या कामाला जातात. त्यानंतर बाळंतपण होईपर्यंत त्या नळीकडे, बाईकडे आणि पोटातल्या बाळाकडे लक्ष ठेवायचं ते परिचारिकेनं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, गोकाक आणि हुक्केरी भागातल्या परिचारिकांचे आणि आरोग्यसेविकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. मात्रा दिल्या आहेत त्या उजळणीसाठी. प्रत्यक्षात भूलतज्ज्ञांचा लेखी आदेश आणि तुमच्या रुग्णालयाची पद्धत हेच प्रमाण.

बऱ्याच वर्षांनी लहान मुलांच्या वॉर्डातून प्रसूतिकक्षात बदली झाली आहे. एपिड्यूरलसाठी काय तयार ठेवायचं आणि पहिल्या अर्ध्या तासात काय बघायचं? — स्टाफ नर्स, बेळगाव

आधी केसपेपर बघा. प्लेटलेट किती आहेत, रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू आहे का, शेवटचं कधी दिलं, ताप आहे का, पाठीवर पुळी किंवा जखम आहे का. प्लेटलेट ७०,००० च्या वर असतील तर बहुतेक भूलतज्ज्ञ पुढे जातात. पण बीपी वाढलेल्या बाईत हा आकडा काही तासांत घसरू शकतो, म्हणून तिचा रिपोर्ट ताजाच हवा. संमतीसाठी समजावून सांगायचं ते कळा जोरात येण्याआधी आणि तिला कळेल त्या भाषेत. कळ चढलेली असताना बाई कुठल्याही कागदावर सही करते, तिला संमती म्हणता येत नाही.

अठरा नंबरची व्हेनफ्लॉन (शिरेतली सुई), रिंगर लॅक्टेट सलाईन, ऑक्सिजन, सक्शन, अंबू बॅग (हातानं श्वास द्यायची पिशवी) आणि बीपी वाढवणारं औषध हाताशी असल्याशिवाय सुरुवात होऊ देऊ नका. लघवी करून घ्या. वजन लिहा, पुढे मात्रा काढायला ते लागतं.

बसवून द्यायचं असेल तर पाय स्टुलावर, हनुवटी छातीकडे आणि पाठ धनुष्यासारखी बाहेर काढलेली. तुम्ही समोर उभं राहून तिचे खांदे धरा. कळ सुरू झाली की भूलतज्ज्ञांना लगेच सांगा, कारण सुई आत असताना ती हलता कामा नये. कमरेच्या दोन्ही हाडांचे वरचे काठ जोडणारी रेघ साधारण चौथ्या कटिमणक्यावरून जाते. तिथे किंवा एक-दोन जागा वर सुई घालतात. मज्जारज्जू बहुतेकांत त्याच्या वरच, पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्याजवळ संपलेला असतो. ही माहिती घाबरलेल्या बाईलाही दोन वाक्यांत सांगता येते.

एपिड्यूरलची जागा कातडीपासून साधारण ४ ते ६ सेंटिमीटरवर सापडते आणि नळी त्यापुढे ४ ते ५ सेंटिमीटर आत ठेवतात. म्हणजे जागा ५ वर सापडली असेल तर कातडीपाशी नळीवर ९ किंवा १० ची खूण दिसेल. हे दोन्ही आकडे चार्टवर लिहून घ्याच. रात्री ‘परत दुखतंय’ म्हणाली की पहिली गरज यांचीच लागते.

नळी योग्य जागी आहे का हे पडताळायचा टेस्ट डोस बहुधा दीड टक्का लिग्नोकेन (बधिर करणारं औषध), १:२,००,००० ॲड्रेनालिनसह, ३ मिलि असतो. नळी रक्तवाहिनीत असेल तर मिनिटभरात नाडी २० किंवा जास्त ठोक्यांनी वाढते. मज्जाद्रवात (मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) असेल तर पाच मिनिटांच्या आत पाय जड पडतात. कळेनंही नाडी वाढतेच. म्हणून डोस दोन कळांच्या मध्ये जाऊ द्या आणि त्या मिनिटात मॉनिटरवरून नजर हलवू नका.

मुख्य डोसनंतर पहिली १५ ते २० मिनिटं दर पाच मिनिटांनी बीपी. पुढे १० मिलि किंवा जास्त टॉप-अप (मधला जादा डोस) दिला की पुन्हा तसंच. बाळाचे ठोके निदान अर्धा तास सलग बघायचे. तिला सरळ उताणी कधीच झोपवू नका. कुशीवर ठेवा किंवा उजव्या नितंबाखाली उशी द्या.

वरचं बीपी १०० च्या खाली गेलं किंवा मूळ आकड्याच्या २० टक्क्यांनी उतरलं, तर डाव्या कुशीवर वळवा, सलाईन जोरात सोडा आणि भूलतज्ज्ञांना बोलवा. मळमळ आणि ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’ ही तक्रार पुष्कळदा मशीनच्या आकड्याआधी येते. आदेशानुसार मेफेन्टरमिन ६ मिग्रॅ किंवा फिनाइलएफ्रिन ५० ते १०० मायक्रोग्रॅम शिरेतून देतात. आपल्याकडे मेफेन्टरमिन मिलिला ३० मिग्रॅ असं मिळतं. ते १० मिग्रॅचं नसून ३०चं आहे हे वाचून, पातळ करून, सिरिंजवर लिहून ठेवा.

बीपी नीट असूनही बाळाचे ठोके पडले तर पोटावर हात ठेवा. वेदना एकदम थांबल्यावर शरीरातलं ॲड्रेनालिन उतरतं आणि कधी गर्भाशय आवळून धरतं, सैलच पडत नाही. कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचा थेंब चालू असेल तर तो लगेच बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा.

अर्ध्या तासात आराम पडला नाही तर भूलतज्ज्ञांना परत बोलवायचं. ‘थोडं थांबा, लागू पडेल’ असं म्हणत तास काढू नका.

एपिड्यूरलच्या पंपाला लावायच्या पन्नास मिलिच्या सिरिंजमध्ये औषध भरताना टक्क्यांचा गोंधळ होतो. सोपा हिशेब सांगा. — परिचारिका, निपाणी

टक्क्याला दहानं गुणा, म्हणजे एका मिलित किती मिलिग्रॅम ते कळतं. ०.५ टक्के बुपिव्हाकेन (हेही बधिर करणारं औषध) म्हणजे मिलिला ५ मिग्रॅ. पुष्कळ ठिकाणी वापरतात ते मिश्रण असं: ०.५ टक्के बुपिव्हाकेन १० मिलि, फेंटानिल या वेदनाशामकाचा २ मिलिचा एक ॲम्प्यूल म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, आणि नॉर्मल सलाईन ३८ मिलि. एकूण ५० मिलि झाले. बुपिव्हाकेन ०.१ टक्का आणि फेंटानिल मिलिला २ मायक्रोग्रॅम. आदेश ०.१२५ टक्क्यांचा असेल तर बुपिव्हाकेन साडेबारा मिलि आणि सलाईन साडेपस्तीस, फेंटानिल तेवढंच. तासाला ८ ते १२ मिलि वेगानं ही सिरिंज चार ते सहा तास पुरते. संपायच्या आधीच दुसरी भरून ठेवा. मध्ये खंड पडला की वेदना उसळते आणि पुन्हा आटोक्यात आणायला जास्त औषध लागतं.

हिशेबापेक्षाही आम्हाला भीती वाटते ती चुकीच्या ॲम्प्यूलची. ‘हेवी’ लिहिलेला ४ मिलिचा ॲम्प्यूल कण्यातल्या भुलीचा आहे, त्यात डेक्स्ट्रोज असतं. तो एपिड्यूरलच्या सिरिंजमध्ये भरायचा नाही. बुपिव्हाकेन आणि सलाईन दोन्ही परिरक्षक नसलेलीच घ्या. रक्तस्रावासाठी ठेवलेलं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड काही कंपन्यांच्या ॲम्प्यूलमध्ये बुपिव्हाकेनसारखंच दिसतं. ते चुकून मज्जाद्रवात गेल्याचे प्रकार घडले आहेत, आणि त्यात झटके येऊन मृत्यूही होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. ही दोन औषधं एका ट्रेत, एका कप्प्यात ठेवूच नका. भरताना दोघींनी नाव मोठ्यानं वाचा.

लाइनला मध्ये इंजेक्शन देण्याचा पोर्ट नसावा. पिवळ्या पट्टीची एपिड्यूरल लाइन मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर दोन्ही टोकांना ‘एपिड्यूरल’ अशी चिठ्ठी लावा. रात्रपाळीला एखाद्या नव्या मुलीनं अँटिबायोटिक त्या नळीत सोडलं किंवा बुपिव्हाकेन शिरेत जोडलं, तर परिणाम भयंकर होतात. म्हणून काहीही जोडण्यापूर्वी पंपापासून पाठीपर्यंत नळीवरून हात फिरवायचा, दर वेळी.

उरलेलं फेंटानिल बेसिनमध्ये एकटीनं ओतून मोकळं होऊ नका. हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. किती उरलं, कुणासमोर टाकलं याची नोंद आणि दोघींच्या सह्या रजिस्टरमध्ये हव्यात.

दोन-अडीच तास छान गेले आणि मग एकाच बाजूला दुखू लागलं. अशा वेळी पंपाचा वेग वाढवावा का? — परिचारिका, चिकोडी

वेग वाढवणं सगळ्यात शेवटी, तेही आदेशानं. आधी तिला विचारा, दुखणं कळेबरोबर येतं आणि जातं का, की मधल्या वेळातही थांबत नाही. या एका प्रश्नावर पुढचं सगळं ठरतं.

मधल्या वेळातही थांबत नसेल, पोट कडक लागत असेल, अंगावरून रक्त जात असेल, जुन्या सिझरच्या टाक्यावर दाबल्यावर ती कळवळत असेल, खांद्यात दुखतंय म्हणत असेल किंवा बाळाचे ठोके बिघडले असतील, तर हे वार सुटण्याचं किंवा गर्भपिशवी फाटण्याचं लक्षण असू शकतं. टॉप-अप द्यायचा नाही. प्रसूतितज्ज्ञांना त्याच क्षणी बोलवायचं. चांगल्या चाललेल्या एपिड्यूरलमधून वर येणारं दुखणं हा इशारा असतो आणि तो औषधानं दाबून टाकला तर बाळ आणि आई दोघं जाऊ शकतात.

दुखणं कळेबरोबरच येत असेल तर नळी तपासा. पंप चालू आहे का, क्लॅम्प लागलाय का, सिरिंज संपली का, नळी पाठीखाली दुमडली का, पट्टी ओली आहे का. मग कातडीजवळची खूण. समजा, जागा ५ वर सापडली होती आणि खूण १० होती. आता ७ दिसत असेल तर आत जेमतेम २ सेंटिमीटर राहिली आहे. ५ दिसत असेल तर नळी बाहेर आली. सरकलेली नळी आत ढकलायची नाही. उलट खूण वाढलेली दिसली, म्हणजे नळी आणखी आत गेली, तर तेही कळवा.

नळी जागेवर असेल आणि एकच बाजू उघडी पडली असेल, तर दुखऱ्या कुशीवर वळवा. भूलतज्ज्ञ नळी सेंटिमीटरभर मागे ओढून टॉप-अप देतात, त्यानं बऱ्याचदा काम होतं. दुखणं खाली, गुदद्वाराकडे दाबल्यासारखं असेल तर आतून तपासणी करायला सांगा. कदाचित गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलं असेल.

मूत्राशय मात्र विसरू नका. बधिरपणामुळे लघवीची भावना जाते. भरलेलं मूत्राशय ओटीपोटात दुखतं आणि बाळाचं डोकंही अडवतं. दर दोन तासांनी हातानं चाचपा आणि होत नसेल तर नळीनं काढा.

नळीचा जोड सुटून पडला असेल तर पुसून परत जोडू नका. टोक निर्जंतुक गॉजमध्ये गुंडाळा, पंप थांबवा आणि कळवा.

बधिरपणा कुठवर चढला हे कसं ओळखायचं? आमच्याकडे निम्म्या बायका फक्त कानडी बोलतात. — परिचारिका, खानापूर

हातमोज्यात बर्फाचा खडा घ्या. आधी गालाला किंवा दंडाला लावा म्हणजे गार म्हणजे काय ते तिला कळेल. मग मांडीपासून वर, दोन्ही बाजूंनी वेगवेगळं. ‘तण्णग आगतदेन्री?’ एवढं विचारता आलं तरी काम भागतं. कळांना ती ‘ब्यानी’ म्हणेल. घरच्यांना दुभाषी करू नका, ते स्वतःचंच मत सांगतात.

बधिरपणाची पातळी छातीच्या मणक्यांच्या नसांवरून (टी) मोजतात: बेंबी म्हणजे टी १०, छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक टी ६, स्तनाग्रं टी ४. कळांसाठी बेंबीपर्यंत पुरतं. दर तासाला दोन्ही बाजूंची पातळी लिहा. स्तनाग्रांपर्यंत पोचलं तर पंप थांबवून फोन करा. बोटांना मुंग्या, हाताची पकड ढिली, आवाज बारीक, श्वास अपुरा असं काही दिसलं तर तो चढलेला ब्लॉक, म्हणजे बधिरपणा फार वर गेला आहे. ऑक्सिजन, अंबू बॅग, डावी कूस, आणि मदतीसाठी हाक.

पायांच्या ताकदीला ब्रोमेज श्रेणी वापरतात. पण काही ठिकाणी १ म्हणजे पाय मोकळे, तर काही ठिकाणी १ म्हणजे पाय पूर्ण लुळे. त्यामुळे नुसता आकडा लिहू नका, ‘गुडघा सरळ ठेवून टाच उचलते’ किंवा ‘उचलत नाही’ असं शब्दांत लिहा. ०.१ टक्क्याच्या औषधावर टाच उचलता आली पाहिजे. मघाशी उचलत होती आणि आता अचानक येत नाही, तर नळी मज्जाद्रवात सरकली असेल.

औषध बंद करून चार तास झाले तरी टाच उचलत नसेल तर ‘उतरेल हळूहळू’ म्हणू नका. कण्यात रक्ताची गाठ होणं फार विरळ आहे. पण झाली तर लक्षणं दिसल्यापासून साधारण ८ ते १२ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच पाय वाचण्याची आशा धरता येते. त्यात खानापूरहून बेळगावला पोचणं, एमआरआय, ऑपरेशन थिएटर हे सगळं धरा. फोन करायला उशीर परवडत नाही.

बधिर पायांना दुखलेलं कळत नाही. तास-दोन तासांनी कूस बदला, टाचा बघा, गरम पाण्याची पिशवी जवळ आणू देऊ नका. टेबलावर पाय वर बांधताना दोन्ही एकदम उचला, एकदम खाली घ्या. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खांब टेकला तर नस दबून नंतर पाऊल लुळं पडतं, आणि दोष मात्र पाठीतल्या सुईवर येतो.

‘कानात गुंई वाजतंय’ असं बाई म्हणाली तर? — परिचारिका, अथणी

तोंडात धातूसारखी चव, ओठ-जीभ बधिर, कानात आवाज, बडबड किंवा एकदम गप्प होणं ही औषध रक्तात गेल्याची पहिली लक्षणं. पंप तिथेच थांबवा. पुढे झटके आणि हृदयाचे ठोके बिघडणं येऊ शकतं. बुपिव्हाकेन हृदयाला फार चिवटपणे धरून ठेवतं. म्हणून त्यावरचा उतारा, २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं दुधाळ स्निग्ध द्रावण), प्रसूतिकक्षातच हवं, गावातल्या दुसऱ्या टोकाच्या मेडिकलमध्ये असून उपयोग नाही. मात्रा किलोमागे १.५ मिलि, दोन-तीन मिनिटांत. ६० किलोच्या बाईला ९० मिलि. मग किलोमागे तासाला १५ मिलि, म्हणजे तिला मिनिटाला १५ मिलि. हे आकडे कागदावर लिहून बाटलीलाच चिकटवा. एकूण मात्रा किलोमागे १२ मिलिच्या पुढे न्यायची नाही.

हृदय थांबलं तर छाती दाबत असताना एकीनं दोन्ही हातांनी गर्भाशय डावीकडे सरकवून धरायचं. चार मिनिटांत नाडी परतली नाही तर डॉक्टर आहे त्याच जागी बाळ काढायचा निर्णय घेतात. ब्लेड आणि क्लॅम्प तयार ठेवा.

गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडल्यावर पंप बंद करावा, म्हणजे जोर चांगला लावता येईल, असं काही जण सांगतात. — परिचारिका, गोकाक

बंद करू नये. ऐन शेवटी तिला उघडं पाडल्यासारखं होतं. वार पडून टाके घालून होईपर्यंत औषध चालू ठेवावं. आई आणि बाळ ठीक असतील तर लगेच जोर लावायला न सांगता बाळाचं डोकं आपोआप खाली येऊ द्यायला वेळ देता येतो, पहिलटकरणीला तासभर किंवा थोडा अधिक. नंतर पोटावर हात ठेवून कळ आली की तुम्ही सांगा. प्रसूतीची दुसरी, जोर लावायची अवस्था काहीशी लांबते हे खरं, पण एपिड्यूरलमुळे सिझर वाढतं हा समज चुकीचा आहे.

नळी काढताना काय पाळायचं? रक्त पातळ करणारं इंजेक्शन कधी द्यायचं? — परिचारिका, बेळगाव

रक्त पातळ करणाऱ्या एनॉक्सापॅरिनची प्रतिबंधक मात्रा दिली असेल तर त्यानंतर निदान १२ तासांनी नळी काढायची, आणि नळी काढल्यावर पुढची मात्रा निदान ४ तासांनी. उपचाराची मोठी मात्रा असेल तर १२ च्या जागी २४ तास. प्रसूतीत फार रक्त गेलं असेल तर काढण्याआधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी विचारा.

बसवताना होती तशीच पाठ वाकवून हळू ओढा. अडली तर जोर लावू नका, कातडीपाशी कापू तर अजिबात नका. टोक अखंड आहे का ते बघून ‘टोक पूर्ण’ असं लिहा. त्यानंतर सहा तासांत लघवी झाली पाहिजे.

‘पाठीत सुई घेतली की जन्मभर कंबर दुखते’ असं सासवा सांगतात. त्यांना काय सांगायचं? — आशा कार्यकर्ती, हुक्केरी

सुईच्या जागी काही दिवस हुळहुळतं, तेवढं खरं. कायमची कंबरदुखी एपिड्यूरलनं होत नाही. एपिड्यूरल न घेतलेल्या बाळंतिणींचीही कंबर तेवढीच दुखते. वाकून बाळाला पाजणं, पाण्याच्या घागरी लवकर उचलणं याकडे सासूबाईंचं लक्ष वळवा.

गावी परतलेली बाळंतीण डोकं फार दुखतं म्हणते. आम्ही उपकेंद्रात काय बघावं? — एएनएम, खानापूर तालुका

विचारा, बसल्यावर वाढतं आणि आडवं पडल्यावर कमी होतं का. तसं असेल, मानही आखडली असेल आणि प्रसूतीला काहीच दिवस झाले असतील, तर सुई मज्जारज्जूभोवतीच्या पडद्याला लागून मज्जाद्रव झिरपत असण्याची शक्यता आहे. शंभरात साधारण एका बाईत असा पडदा टोचला जातो, आणि टोचला तर निम्म्याहून जास्त जणींचं डोकं दुखतं. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, थोडा आराम आणि चहा चालेल. दिवसभर जबरदस्तीनं झोपवून ठेवू नका, पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो. बाळाला उठून पाजता येत नाही इतकं दुखत असेल तर रुग्णालयात तिचंच १५ ते २० मिलि रक्त एपिड्यूरलच्या जागेत सोडून ती गळती बंद करतात. बहुतेकींना त्यानं चांगला आराम पडतो.

पण सगळी डोकेदुखी सुईची नसते. पाठवण्याआधी बीपी मोजाच. १४०/९० किंवा जास्त, डोळ्यांपुढे चमकणं, पोटाच्या वरच्या भागात दुखणं असेल तर ते बाळंतपणानंतरही होणारं बीपीचं दुखणं समजा, झटके येण्याआधी १०८ बोलवा. आडवं पडूनही न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, झोपाळूपणा, एका बाजूची अशक्ती, झटके यात मेंदूतल्या शिरेत रक्त गोठलेलं असू शकतं. ताप आणि पाठीत सुईच्या जागी सूज, पू किंवा दुखरेपणा असेल तर तिथे जंतुसंसर्ग. यातलं काहीही असेल तर तिला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवा आणि चिठ्ठीवर ‘एपिड्यूरल दिलं होतं’ हे ठळक लिहा, तारखेसह.